रसनेला वळण : आवड कशी घडते, कशी मोडते



ज्या जिभेने आपण विठोबाचे नाव घेतो, त्याच जिभेने भाजीत मीठ कमी पडले म्हणून घरात भांडण लावतो. एका तोंडात दोन इंद्रियांचे बिऱ्हाड आहे, असे पाठशाळेत आमचे गुरुजी शिकवीत. चव घेणारे 'रसना' हे ज्ञानेंद्रिय आणि बोलणारे 'वाक्' हे कर्मेंद्रिय. दोघांचा उंबरठा एकच. त्यामुळे एकाचा बिघाड दुसऱ्याच्या वाटेने बाहेर पडतो. घास आवडला नाही की लगेच शब्द बाहेर येतो, आणि तो बहुधा चांगला नसतो.

हे आम्ही दुसऱ्याला सांगण्यासाठी लिहीत नाही. आमच्यावरच बेतलेला प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात आमची कीर्तनाची सेवा होती. दुपारचे पान एका माउलींच्या घरी. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि वरण. पहिला घास घेतला आणि आम्ही बोलून गेलो, "माउली, मीठ घालायचं विसरलात वाटतं!" पंगतीला पाचसहा माणसे होती. कोणी काही बोलले नाही. माउलींनी मुकाट्याने मीठ आणून वाढले. त्यांचा चेहरा उतरला, तो आम्ही मान वर करून पाहिलाही नाही. हात धुवायला बाहेर आलो तेव्हा यजमान हात जोडून म्हणाले, "बुवा, माफी असावी. मला दोन वर्षांपासून ब्लडप्रेशर आहे, तेव्हापासून घरात मीठ कमीच पडतं. आम्हाला तर आता ते कळतसुद्धा नाही."

त्या रात्री आमच्या कीर्तनाचा विषय होता इंद्रियनिग्रह! तास दीड तास आम्ही बोललो, टाळकऱ्यांनी साथ दिली, लोकांनी माना डोलावल्या. पण मनात यजमानांचे एकच वाक्य घोळत होते, 'आता ते कळतसुद्धा नाही.' तीच भाजी, तेच मीठ. त्या घरातल्या माणसांना गोड लागते आणि आम्हाला अळणी. मग चव भाजीत आहे की खाणाऱ्यात? या प्रश्नाने आम्हाला पुढे बरेच वाचायला लावले. त्यातून जे हाती लागले ते या लेखात मांडतो.

गीतेने विचारलेला प्रश्न

गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, हे आपण सारे जाणतो. परंतु त्यातला एक बारकावा सहसा निसटतो. भगवंत नुसते सात्त्विक अन्न, राजस अन्न अशी यादी देत नाहीत. सातव्या श्लोकापासून त्यांचा शब्द आहे 'प्रिय'. कोणत्या स्वभावाच्या माणसाला काय आवडते, असा तो विचार आहे. म्हणजे प्रश्न अन्नाचा आहे त्याहून अधिक आवडीचा आहे.

आता दुसरा बारकावा पाहा. सात्त्विक अन्नाचे वर्णन करताना 'रस्य' म्हणजे रसाळ आणि 'हृद्य' म्हणजे मनाला भावणारे, ही विशेषणे भगवंतांनीच घातली आहेत. तेव्हा बेचव खाणे म्हणजेच परमार्थ, ही समजूत गीतेची नव्हे. राजस आहारात तिखट, आंबट, खारट यांची नावे येतात खरी, पण शंकराचार्यांनी भाष्यात स्पष्ट केले आहे की त्या श्लोकातला 'अति' हा शब्द एकट्या उष्णालाच नव्हे तर प्रत्येक विशेषणाला जोडावा. दोष मिठाचा नाही, अति मिठाचा आहे. त्या अतीचे फळ म्हणून भगवंतांनी दुःख, शोक आणि रोग अशी तीन नावे घेतली आहेत.

शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या टीकेत ज्ञानेश्वर माउलींनी याच ठिकाणी आहारावरून धातू कसे घडतात आणि धातूंवरून अंतःकरणाचा भाव कसा घडतो, हे उलगडले आहे. म्हणजे हे एक चक्र झाले. स्वभाव अन्न निवडतो आणि अन्न स्वभाव घडवते. मग या चक्रात माणसाने हात कोठे घालावा? स्वभाव एका दिवसात बदलत नाही. अन्न मात्र रोज दोन वेळा ताटात येते. तेव्हा हात घालण्याची जागा तीच.

सहा रस आणि एक अदलाबदल

आयुर्वेदाने रस सहा मानले : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. येथे मराठी वाचकाची एक गफलत हमखास होते. आपला 'कडू' हा शब्द 'कटु'वरून आला, पण वाटेत अर्थ बदलून आला. आयुर्वेदात कटु म्हणजे तिखट. सुंठ, मिरे आणि पिंपळी या तिघांना म्हणूनच 'त्रिकटु' म्हणतात. आणि तिक्त म्हणजे कडू, जसे कारले किंवा कडुनिंब. शब्दांची अशी अदलाबदल झालेली असल्यामुळे जुने ग्रंथ वाचताना सावध राहावे लागते.

आपल्या पूर्वजांनी हे सहा रस नुसते ग्रंथात ठेवले नाहीत, ते पानावर मांडले. पान कसे वाढतात ते आठवा. वर मीठ आणि लिंबाची फोड. डाव्या हाताला चटणी, कोशिंबीर, लोणचे, म्हणजे खारट, आंबट, तिखट. पण प्रत्येक बोटभर. उजव्या हाताला भाजी, मध्ये वरणभात. कोणताही रस टाकलेला नाही, पण कोणाला किती जागा द्यायची हे ठरलेले आहे. पाडव्याला कडुनिंबाची पाने गूळ, ओवा, हिंग आणि मीठ घालून वाटतात, आणि वर्षाची सुरुवात त्या कडू घासाने होते. त्यात लेकरालासुद्धा सूट नसते.

आजचे शास्त्रज्ञ मूळ चवी पाच मानतात : गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी 'उमामी'. ही पाचवी चव १९०८ साली टोकियोमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री वनस्पतीच्या कढणातून शोधली. पिकलेल्या टोमॅटोत, अळंब्यात, आणि आईच्या दुधातही ती असते. तिखटाला मात्र ते चव म्हणत नाहीत. मिरची लागते ती रुचीच्या नसांना नव्हे, तर उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या नसांना. म्हणून तर ती जिभेला झोंबते तशी डोळ्यांनाही झोंबते. या नसांवरील द्वाराचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आणि गंमत अशी, की ज्या मिरचीवाचून आपला ठेचा नाही, ती माउलींच्या काळी महाराष्ट्रात नव्हतीच! मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. त्याआधी तिखटाला मिरे, सुंठ, पिंपळी, मोहरी. म्हणजे आज आपण ज्याला 'आपली पूर्वापार चव' म्हणतो ती साडेचारशे-पाचशे वर्षांची. साऱ्या मुलुखाची जीभ बदलली आणि कोणाला पत्ताही लागला नाही. मग एका माणसाची जीभ बदलणार नाही, असे कोण म्हणेल?

चव लागते कोठे?

शाळेच्या जुन्या पुस्तकांत जिभेचा नकाशा असे. टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू. तो नकाशा चुकीचा ठरला आहे. जिभेवर काही हजार रुचिकलिका असतात, आणि ज्या ज्या भागावर त्या आहेत तेथे सर्व चवी कळतात. या कलिकांतील पेशी सुमारे दहा दिवस ते दोन आठवड्यांत झडून नव्या होतात. म्हणजे आषाढी एकादशीला जी जीभ होती ती कार्तिकीपर्यंत कितीदा तरी नवी झालेली असते. जीभ नवी होते; जुनी राहते ती मनातली आवड.

शिवाय आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा आहे. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो, आणि मन दोन्ही मिळून एकच चव समजते. नाक चिमटीत धरून वेलदोडा चावून पाहा. नुसता तुरटपणा आणि गारवा जाणवेल. नाक सोडताच वेलदोडा 'येतो'. सर्दी झाल्यावर जेवण मातीसारखे का लागते, याचे उत्तर हेच. २०२०-२१ च्या महामारीत कितीजणांचा वास गेला आणि त्याबरोबर जेवणावरची वासना गेली, हे आपण घरोघर पाहिले.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. साठीनंतर वासाची शक्ती हळूहळू मंदावते. म्हातारपणी माणसाला अन्न फिके लागते आणि तो सुनेला म्हणतो, "तुझ्या हाताला चवच नाही." सून बिचारी तेच मीठ, तोच मसाला घालीत असते. कमी झाले आहे ते आपले नाक. आमच्या वयाच्या मंडळींनी हे एकदा मनात धरले तर कितीतरी घरांतली दुपारची कुरबुर थांबेल. तसेच घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे जेवण एकाएकी तुटले तर 'नखरे' म्हणू नये. औषधाने, दातांनी, आजाराने चव बिघडते, वैद्याला दाखवावे.

आणखी एक. सर्वांच्या जिभा जन्मतःही सारख्या नसतात. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ एक भुकटी हाताळत होते. ती हवेत उडाली. जवळचे सहकारी म्हणाले, फार कडू आहे. फॉक्स म्हणाले, मला तर काहीच लागत नाही. पुढे कळले की हा भेद आईबापांकडून येतो, आणि २००३ साली त्यामागचे जनुकही सापडले. तेव्हा एकाला कोबी-मोहरीची भाजी कडवट लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, यात खोटे कोणीच बोलत नसते. दुसऱ्याच्या जिभेवर आपण बसलेलो नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

जन्माची आवड आणि सवयीची आवड

मग प्रश्न येतो, आवडीत जन्माचा वाटा किती आणि सवयीचा किती?

नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या ओठाला गोड लावले तर ते मिटक्या मारते, कडू लावले तर तोंड वेडेवाकडे करते. हे कोणी शिकवलेले नाही. गोड म्हणजे दूध, शक्ती. आणि वनस्पतींतली पुष्कळ विषे कडू असतात. तेव्हा ही देवाने बाळाच्या दारावर बसवलेली राखणच आहे. पोर कारले थुंकते ते हट्टीपणाने नव्हे. दोन वर्षांपासून पाचसहा वर्षांपर्यंत पोरे नव्या पदार्थाला बिचकतात, तेही स्वाभाविक आहे.

परंतु ही राखण शिकवता येते. नको म्हटलेली भाजी जबरदस्ती न करता, घासभर, पुन्हा पुन्हा पुढे केली तर आठदहा, कधी पंधरा वेळांनंतर बहुतेक मुले ती खाऊ लागतात, असे अभ्यासकांनी वारंवार पाहिले आहे. आपण मात्र दोनतीनदा देऊन 'याला आवडतच नाही' असा शिक्का मारतो, आणि पोरगे तो शिक्का आयुष्यभर वागवते. "भाजी खा, मग लाडू देतो" ही युक्तीही उलटी पडते. भाजी ही शिक्षा आणि लाडू हे बक्षीस, असे पोर शिकते. उत्तम उपाय म्हणजे मोठ्यांनी तीच भाजी त्याच्यादेखत चवीने खावी. कीर्तनात टाळकरी रंगला की मागचा श्रोता आपोआप टाळी धरतो, तसेच हे.

शिक्षण तर आईच्या पोटातूनच सुरू होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात काही बायकांनी गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत, काहींनी बाळंतपणानंतर अंगावर पाजताना, गाजराचा रस घेतला. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज इतर बाळांपेक्षा कमी तोंड वाकडे करून खाल्ली. आई जे खाते त्याचा वास गर्भजलातून आणि दुधातून बाळाला पोचतो. ज्याला आपण घराण्याची चव म्हणतो ती अशी दुधातून उतरते. म्हणून उष्टावणानंतर बाळाच्या घासात मीठ-साखर घालण्याची घाई करू नये. पहिले वर्षभर ती नकोच, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

मिठाचा धडा

आता आमच्या प्रसंगाकडे परत येऊ. त्या सप्ताहानंतर सहाएक महिन्यांनी आमचाही रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "महाराज, मीठ निम्मे करा." जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ जावे. म्हणजे सपाट छोटा चमचाभर. आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण, भाकरीतले मीठ सगळे आले.

पहिला आठवडा असह्य गेला. दुसऱ्या आठवड्यात सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, एक काम करू. एकदम निम्मं नको, दर आठवड्याला चिमूटभर कमी करत जाऊ. वरून लिंबू पिळू, जिऱ्याची फोडणी देऊ." आम्ही मान डोलावली. कुरकुर मात्र चालूच होती, हे कबूल करतो. महिना गेला, दुसरा गेला. तिसऱ्या महिन्यात एका ठिकाणी कीर्तनाला गेलो, तेथे आमटीचा घोट घेतला आणि वाटले, यात मीठ दोनदा पडले की काय! शेजारच्याला विचारले. तो म्हणाला, "छान झालीय की, बुवा."

तेव्हा आम्हाला कळले की त्या माउलींच्या भाजीत मीठ विसरलेले नव्हते. आमची जीभ खाऱ्याला सरावली होती, एवढेच. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तरुण माणसांना पाच महिने कमी मिठाच्या आहारावर ठेवले होते. त्यांनाही पुढे सूपमध्ये पूर्वीपेक्षा कमी मीठ आवडू लागले. दोनतीन महिन्यांत जीभ नव्या मापाला सरावते, असा साधारण अनुभव आहे. आपला चातुर्मास चार महिन्यांचा. पूर्वजांनी हा हिशेब करून चातुर्मास ठरवला, असे आम्ही म्हणत नाही. पण एवढे खरे, की आषाढीला एखादा नेम धरून तो कार्तिकीपर्यंत पाळणाऱ्याला आवड बदलण्याइतका वेळ मिळतो. अट एकच, की कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी सोडलेल्या वस्तूवर तुटून पडू नये.

एक शंका

येथे कोणी म्हणेल, "महाराज, आम्ही एकादशी करतो. जिभेला वळण लावायला ती पुरेशी नाही का?"

प्रश्न रास्त आहे. पण 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्यातच जन्मली, आणि ती उगीच जन्मली नाही. उपवासाच्या ताटात काय असते? साबूदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची. यांपैकी साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, आणि बाकीची तिन्ही, सगळी अमेरिका खंडातून आलेली. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. ते खाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. आम्हीही खातो, आणि खिचडीचा दुसरा वाढा आम्हीही मागितलेला आहे. सांगायचे ते एवढेच, की उपवासाचे सार पदार्थाच्या यादीत नाही. भात सोडला आणि खिचडीवर मन ठेवले, तर वस्तू बदलली, रस तोच राहिला.

शास्त्राला हे पक्के ठाऊक होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की निराहारी माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे राहते. ती गोडी परतत्त्वाच्या दर्शनाने जाते. भागवताच्या अकराव्या स्कंधात तर याहून स्पष्ट सांगितले आहे. तेथे अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत रसनेचा धडा देणारा गुरू म्हणजे गळाला लागलेला मासा. आणि तेथेच असे म्हटले आहे की उपाशी राहून इतर इंद्रिये लवकर आवरता येतात, परंतु रसना मात्र उपाशी ठेवल्याने अधिकच बळावते. ज्या स्कंधावर नाथमहाराजांनी काशीत बसून आपली टीका पूर्ण केली, त्यातला हा विचार आहे. उपवासाच्या दिवशी खिचडीचीच आठवण का होते, याचे याहून चांगले उत्तर आम्हाला कोठे मिळाले नाही.

तात्पर्य, रसना उपाशी ठेवून जिंकली जात नाही. तिला रोज थोडे वळण लावून ती वळते. एकादशी ही त्या वळणाची पंधरवड्याची उजळणी आहे. रोजचा अभ्यास केलाच नाही, तर उजळणी कशाची करणार?

वारीची पाठशाळा

हा अभ्यास कोठे दिसतो? आपल्याच वारीत. दिंडीत एका चुलाण्यावर शेकडो माणसांचा स्वयंपाक होतो. तेथे कोणाच्या घरची चव चालत नाही. पुण्याच्या मुक्कामी नवखा वारकरी पिठल्याला नावे ठेवतो. पण दिवेघाट चढून सासवडला पोचला की तोच माणूस भाकरी मागून घेतो. पिठले बदललेले नसते, पोटातली आग आणि पायांतली वाट बदललेली असते. भुकेसारखा मसाला नाही.

दुसरी गोष्ट, चावण्याची. कोरडी भाकरी शांतपणे बराच वेळ चावून पाहा. ती गोड लागू लागते. हा भास नव्हे. लाळेतला पाचकरस पिठाची साखर करू लागतो. जो घाईने गिळतो त्याला भाकरी फिकी, आणि तो तोंडी लावायला लोणचे मागतो. ज्याला नामस्मरणासह सावकाश घास घेण्याची सवय आहे, त्याला भाकरीतच गूळ सापडतो.

वाचकांनी ध्यानी धरावे असे थोडके नेम येथे देतो.

१. जे कमी करायचे ते हळूहळू करावे. मीठ असो वा चहातली साखर, दर आठवड्याला थोडे कमी, आणि तीन महिने धीर धरावा.

२. मिठाची बरणी ताटाजवळ ठेवू नये. चाखण्यापूर्वी मीठ घेणे तर सोडावेच.

३. खारटाची जागा लिंबू, आमसूल, जिरे, कोथिंबीर, आले यांना द्यावी.

४. मुलांना घासभर द्यावे, पुन्हा द्यावे, बळजबरी करू नये आणि गोडाची लालूच दाखवू नये.

५. अन्नदान करणाऱ्यांनी पंगतीचे जेवण बेताच्या मिठाचे करावे आणि मीठ वेगळे वाढावे. कमी असेल तर घेता येते, जास्त झालेले काढता येत नाही. पंगतीत आजारी माणसेही बसतात.

६. पायी वारीत घाम फार जातो, तेथे मिठाचे माप घरच्यासारखे नसते. ज्यांना औषध चालू आहे त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे. मनाने मीठ तोडू नये, वाढवूही नये.

७. पानावर बसून अन्नाला नाव ठेवू नये. नैवेद्याचा स्वयंपाक आपण चाखत नाही. देवापुढे ठेवून जे येते ते प्रसाद म्हणून घेतो. देवाने कधी मीठ मागितले नाही.

या सातव्या नेमाशी आमचा जुना हिशेब राहिला होता. पुढल्या वर्षी त्याच गावाने पुन्हा सेवेला बोलावले. आम्ही आवर्जून त्याच घरी पान मागितले. तीच मेथीची भाजी, तेच वरण. माउलींनी वाढता वाढता मिठाची वाटी आधीच पुढे आणून ठेवली होती. आम्ही ती बाजूला सारली आणि पंगतीसमक्ष म्हणालो, "माउली, गेल्या वर्षी भाजीत मीठ बरोबर होतं, चूक आमची होती." त्या काही बोलल्या नाहीत, पदराने कपाळ पुसले आणि आणखी भाजी वाढली. बोललेला शब्द परत घेता येत नाही. पण ज्या तोंडाने तो गेला त्याच तोंडाने कबुली देता येते, एवढी सोय देवाने ठेवली आहे.

आषाढी पौर्णिमेला पालख्या गोपाळपुरी जमतात आणि काला होतो. काल्याचा अर्थ आम्ही वर्षानुवर्षे कीर्तनात सांगत आलो. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या. कोणाची आंबट, कोणाची खारट, कोणाची शिळी. देवाने सारे एकत्र कालवले. आता वाटते, त्यातले वर्म आम्हाला उशिरा कळले. काल्यात 'माझी चव' असे काही उरतच नाही, म्हणून तो सर्वांना गोड लागतो. जी जीभ वर्षभर आपलीच चव मागते, तिने निदान त्या एका घासापुरते तरी आपले मागणे सोडावे. मग रिकामी झालेली ती जीभ ज्या कामासाठी दिली आहे त्या कामाला लागते.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥